‘थांबा’ म्हणणारे आणि वाट बघणारे

मार्टिन ल्यूथर किंग म्हटलं की आपल्यातली बरीच पोरं नाक मुरडतात. पाद्री माणूस, प्रार्थना करणारा, गांधींना मानणारा. आपला ओढा ब्लॅक पँथरकडे. १९६६ साली ओकलंडमध्ये निघालेल्या त्या संघटनेचं नाव १९७२ साली मुंबईतल्या आपल्या लोकांनी उचललं आणि दलित पँथर उभी राहिली. तो धागा आपल्याला माहीत आहे, त्याचा अभिमानही आहे. पण काळ्यांच्या लढ्याचा दुसरा धागा चर्चमधून येतो आणि तो आपण बघतच नाही. देव म्हटलं की आपण पुस्तक मिटतो.

देव मानायचा की नाही, याचा निकाल आपण १९५६ साली लावून टाकला आहे. तो इथे परत काढायचा नाही. माझा सवाल वाङ्मयाचा आहे आणि चळवळीचाही आहे. देवावर भरवसा टाकून वाट बघणारा माणूस लढायचा थांबतो का? आपण धरून चाललोय की थांबतो. किंगने बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेलं पत्र वाचलं की हे गणित चुकतं. कुठे चुकतं आणि कुठे बरोबर येतं, ते बघू.

एप्रिल १९६३. अलाबामा राज्यातलं बर्मिंगहॅम, लोखंड-पोलादाच्या कारखान्यांचं शहर. तिथे काळ्या माणसासाठी पाण्याचा नळ वेगळा, मुतारी वेगळी, बसायची जागा वेगळी. दुकानात काळ्याचा पैसा चालतो, पण त्याच दुकानात खाण्याच्या टेबलाशी काळा बसलेला चालत नाही. चवदार तळ्याच्या वारसांना हे समजावून सांगायला नको. या सगळ्याविरुद्ध मोर्चे निघाले, कोर्टाने बंदी घातली, किंगने बंदी मोडली. १२ एप्रिलला, उत्तम शुक्रवारी, म्हणजे ख्रिस्ताला क्रुसावर दिल्याच्या दिवशी, त्याला पकडून एकट्याच्या कोठडीत टाकलं. त्याच दिवशी तिथल्या पेपरात आठ गोऱ्या धर्मगुरूंचं निवेदन छापून आलं. सात ख्रिस्ती, एक ज्यू. ही काही चाबूक घेऊन फिरणारी माणसं नव्हती. सभ्य होती, शिकलेली होती. त्यांचं म्हणणं असं की काळ्यांच्या मागण्यांत तथ्य आहे, पण ही वेळ नव्हे. शहरात नुकताच नवा महापौर निवडून आलाय, त्याला सवड द्या. रस्त्यावर उतरू नका.

म्हणजे थोडक्यात, थांबा.

हा शब्द आपल्या रोजच्या जेवणातला आहे. तहसील कचेरीत जातीचा दाखला काढायला गेलात की थांबा. शिष्यवृत्तीचं काय झालं विचारलंत की थांबा. गिरणीच्या गेटावर बदली कामगाराने सकाळी उभं राहायचं, मुकादम मोजून माणसं आत घेतो, उरलेल्यांना म्हणतो थांबा. हा शब्द उच्चारणाऱ्याला त्याची किंमत पडत नाही. तो खुर्चीत बसलेला असतो. उभं कोण राहतं ते बघा, म्हणजे वेळ कुणाची खर्च होते ते कळतं.

किंगने या आठ जणांना उत्तर लिहिलं. कोठडीत कागद नव्हता. वर्तमानपत्राच्या कडेच्या कोऱ्या जागेत, मिळेल त्या चिटोऱ्यावर, मग वकिलाने आणून दिलेल्या वहीवर. पत्रावर १६ एप्रिलची तारीख आहे. पुढच्या वर्षी ते त्याच्या पुस्तकात आलं. आपण का थांबू शकत नाही, हेच त्या पुस्तकाचं नाव आणि हाच त्याचा विषय.

या पत्रात एक वाक्य आहे, तीनशेहून जास्त शब्दांचं. आपल्याकडचा मास्तर असता तर लाल रेघ मारून म्हणाला असता, वाक्य तोडा. पण ते तोडायचं नाही, त्यातच सगळी कला आहे. ज्यांना कधी भेदभावाचा काटा टोचला नाही त्यांना थांबा म्हणणं सोपं जातं, एवढं सांगून तो सुरू होतो. जमावाने आईबापांना ठार मारलेलं पाहिलंत, की. पोलिसाने भावाला लाथा घातलेल्या पाहिल्यात, की. टीव्हीवर जाहिरात बघून सहा वर्षांच्या मुलीने बागेत न्या म्हणून हट्ट धरला आणि तिथे काळ्या पोरांना मज्जाव आहे हे तिला सांगताना तुमची जीभ अडखळली, की. प्रवासात कुणी खोली देत नाही म्हणून रात्रीमागून रात्री गाडीतच अंग मुडपून झोपलात, की. बायकोला कुणी मानाने हाक मारत नाही, की. असं एकामागून एक येत राहतं. वाचणारा क्रियापदाची वाट बघत बसतो. येत नाही. दम लागतो. आणि अगदी शेवटी ते येतं: मग तुम्हाला कळेल, थांबणं आम्हाला का जड जातं. गोऱ्या वाचकाला त्याने अर्धं पान उभं करून ठेवलंय. जी गोष्ट शतकानुशतकं काळ्यांना करायला लावली ती वाचकाला मिनिटभर करायला लावली. निबंध लिहिणाऱ्या पोरांनी हे वाक्य दहा वेळा वाचावं. संताप आरडाओरडा न करताही पानावर उतरवता येतो, व्याकरणातूनसुद्धा उतरवता येतो.

पुढे तो काळाबद्दल बोलतो. आपोआप सगळं सुधारेल, काळच औषध आहे, ही समजूत तो मोडून काढतो. त्याचं म्हणणं, काळ कुणाच्याच बाजूचा नाही. जो हात लावील त्याचं काम तो करतो, आणि वाईट माणसं तो जास्त कामाला लावतात. आपल्याकडे ‘हळूहळू जात जाईल’ म्हणणाऱ्या पुरोगाम्यांच्या तोंडावर हे पान मारावं असं आहे.

आता खरा प्रश्न. हा माणूस देवावर भरवसा ठेवणारा आहे. मग तो थांबत का नाही? देव बघून घेईल, असं का म्हणत नाही?

याचं उत्तर पत्राबाहेर, बायबलात आहे. बायबलात वाट बघणं म्हणजे गप्प बसणं नव्हे. स्तोत्रसंहितेतलं तेरावं स्तोत्र काढा. सहा ओव्यांचं आहे आणि सुरुवातीलाच चार वेळा देवाला विचारलंय, किती काळ? अर्ज नाही, फिर्याद आहे. भरवसा त्यानंतर येतो, तक्रार पुरी झाल्यावर. आणि अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात तर तोही येत नाही, ते अंधारातच संपतं. कुणीतरी हे पुस्तक बांधताना ते काढून टाकलं नाही, याचं मला नवल वाटतं. लूकच्या अठराव्या अध्यायात ख्रिस्त एका विधवेची गोष्ट सांगतो. न्यायाधीश हरामी आहे, ना देवाला भितो ना माणसाला. ती रोज जाऊन त्याच्या डोक्याशी कटकट करते. शेवटी वैतागून तो तिला न्याय देतो. ही गोष्ट प्रार्थना कशी करावी यासाठी सांगितलेली आहे. म्हणजे प्रार्थनेचा नमुना काय, तर मोर्चा.

हे मालकांना आपल्याआधी कळलं होतं. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी एक बायबल छापलं गेलं. निवडक भागांचं. त्यात मोशे आपल्या लोकांना मिसर देशाच्या गुलामीतून बाहेर काढतो तो भाग गाळलेला. धन्याची आज्ञा पाळा, हा उपदेश मात्र राखलेला. ज्यांनी कात्री चालवली त्यांना पक्कं ठाऊक होतं, कुठलं पान दारूगोळ्याचं आहे. आणि तरीही गुलामांनी ती गोष्ट कानोकानी मिळवली आणि गाण्यात घातली. स्वतः गुलामीतून पळालेल्या फ्रेडरिक डग्लसने १८५५ च्या पुस्तकात लिहून ठेवलंय की गाण्यातला कनान देश म्हणजे आमच्यासाठी उत्तर दिशा होती. मालकाला वाटायचं, पोरं स्वर्गाची वाट बघतायत. पोरं रात्रीच्या अंधाराची वाट बघत होती.

इथे एक शब्द सांगतो. सूतगिरणीतल्या माणसाला तो लागतोच. बायबलच्या जुन्या कराराची मूळ भाषा हिब्रू. तिच्यात आशेला ‘तिक्वा’ म्हणतात. वाट बघणे या क्रियापदातूनच तो शब्द आलाय. आणि याच शब्दाचा दुसरा अर्थ दोरी. यहोशवाच्या पुस्तकात राहाब नावाची वेश्या खिडकीला किरमिजी दोरी बांधते, तिथे हाच शब्द आहे. ईयोब आपले दिवस विणकराच्या धोट्याहून वेगाने सरतात असं रडतो आणि आशा संपल्याचं सांगतो, तिथेही हाच शब्द. धोटा आणि दोरा एकाच ओळीत. कवीने मुद्दाम साधलंय. आमच्या खात्यात हे समजायला पंडित लागत नाही. नुसता कापूस ओढला की तुटतो. त्याला पीळ बसला की तो ओढ सोसतो. पीळ म्हणजे ताण. ताण नसलेली आशा म्हणजे मोकळा कापूस, फुंकर मारली की उडाला.

तर किंगचा भरवसा या जातीचा आहे. देव न्यायाच्या बाजूने आहे अशी त्याची खात्री आहे, म्हणूनच महापौराच्या सवडीसाठी थांबायची त्याला गरज वाटत नाही. ज्याने एकाची वाट बघायची ठरवली तो इतरांच्या दारात ताटकळत नाही. पत्रात तो दानीएलच्या पुस्तकातल्या तीन पोरांची आठवण देतो. शद्रख, मेशख, अबेद्नगो. राजाच्या मूर्तीपुढे वाका, नाहीतर भट्टीत टाकतो, अशी धमकी. ते म्हणतात, आमचा देव आम्हाला वाचवू शकतो. आणि समजा नाही वाचवलं, तरी आम्ही वाकणार नाही. हे ‘नाही वाचवलं तरी’ माझ्या लेखी सगळ्यात मोठं. फळाची हमी नसताना धरलेली आशा. देव काढून टाका, तरी हे वाक्य उभं राहतं. आपल्या कार्यकर्त्याला ते पाठ असायला हवं, कारण आपल्यातली निम्मी पोरं तिशीच्या आत थकतात ती हमी शोधता शोधता.

इथवर मी किंगच्या बाजूने बोललो. आता हिशेब दुसऱ्या बाजूने.

बर्मिंगहॅममध्ये मे महिन्यात शाळेची पोरं मोर्चात उतरली. त्यांच्यावर कुत्री सोडली, बंबाच्या पाण्याचे फवारे मारले. जगाने फोटो पाहिले, शहर नमलं, समझोता झाला. आणि १५ सप्टेंबर १९६३ ला रविवारी सकाळी तिथल्या सोळाव्या रस्त्यावरच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्ब फुटला. चार मुली मेल्या. चर्चमध्ये. त्यांच्यातल्या तिघींच्या अंत्यविधीला किंग बोलला. निरपराधाच्या दुःखातून उद्धार होतो, असं त्याने सांगितलं. माझं मन तिथे अडतं. कुणाचा उद्धार? दुःख मुलींचं आणि शुद्धी गोऱ्यांच्या मनाची, हा कसला सौदा? त्या खुनातल्या पहिल्या आरोपीला शिक्षा झाली १९७७ साली. उरलेल्या दोघांना २००१ आणि २००२ साली. एकोणचाळीस वर्षं. एवढ्या थांबण्याला पवित्र म्हणणं म्हणजे कोर्टाची आणि पोलिसांची सोय करणं आहे.

हे मी एकटाच म्हणतो असं नाही. काळ्यांमधूनच हा आवाज उठला. विल्यम जोन्स या काळ्या तत्त्वज्ञाने १९७३ साली पुस्तक लिहून सरळ विचारलं, देव गोरा वर्णद्वेषी आहे काय? डेलोरेस विल्यम्स या बाईंनी १९९३ साली हागारची बाजू मांडली. हागार म्हणजे अब्राहामाच्या घरची दासी. पोटी मूल दिलं, मग तिला पोरासकट वाळवंटात हाकललं. बाईंचं म्हणणं, दुसऱ्यासाठी सोसण्यातच मोक्ष आहे ही शिकवण काळ्या बाईच्या पाठीवर आणखी एक ओझं ठेवते. बरोबर आहे. आपल्या आयांच्या सोसण्यावर कविता करणाऱ्या आपल्या कवींनीही हे कानाशी धरावं. आईच्या फाटक्या हातांची आरती ओवाळायची आणि तिच्या हातातलं काम काही कमी करायचं नाही, ही आपलीही खोड आहे.

दुसरा मुद्दा दाराचा. जर्मनीतला डीट्रिश बोनहोफर हा पाद्री हिटलरच्या विरोधात गेला. तरुणपणी न्यूयॉर्कला शिकत असताना तो हार्लेममधल्या काळ्यांच्या चर्चमध्ये जात असे, त्यांच्या गाण्यांच्या तबकड्या त्याने मायदेशी नेल्या. ५ एप्रिल १९४३ ला त्याला पकडलं. नाताळाआधीच्या दिवसांत, ज्यांना ख्रिस्ती लोक आगमनकाळ म्हणतात, त्याने कोठडीतून मित्राला लिहिलं की तुरुंग आणि हा काळ सारखेच, कारण दार बाहेरूनच उघडतं. दोन वर्षं तो वाट बघत राहिला. ९ एप्रिल १९४५ ला त्याला फाशी दिलं. तीन आठवड्यांनी हिटलरने स्वतःला संपवलं. माणूस मोठा. पण दार बाहेरूनच उघडतं, हे आपल्याला पटणारं नाही. आपण दारावर उभे राहून पाहिलंय. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, वर्षांमागून वर्षं चालला. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी त्या दाराकडे पाठ फिरवली. पुढे एकवीस वर्षं गेली नागपूरला पोचायला. ती एकवीस वर्षंही वाट बघण्याचीच होती, पण कुणाच्या उंबऱ्यावरची नव्हती. वाचणं चाललं होतं, पक्ष काढणं चाललं होतं, कॉलेज काढणं चाललं होतं. दिवा आपल्या हातात असला की रात्र लांबली तरी चालता येतं.

बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्मही तपासला होता. धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवर त्यांनी लिहिलंय, ते लेखन १९८९ साली त्यांच्या समग्र साहित्याच्या पाचव्या खंडात आलं. त्यांचा आक्षेप नेमका आहे. हिंदू असताना या माणसाला सांगितलं, तुझी दशा मागच्या जन्माच्या कर्मामुळे. ख्रिस्ती झाल्यावर सांगितलं, आदिपुरुषाच्या पापामुळे. दोन्हीकडे गुन्हेगार तोच, आणि समाजव्यवस्था मोकळी. किंग आपल्या पत्रात गोऱ्या चर्चला हेच सुनावतो, की रंगीत काचांच्या आड सुखरूप बसून तुम्ही परलोकाच्या गप्पा मारता. बाबासाहेब आणि किंग इथे एका ओळीत येतात, हे आपल्या लक्षात यायला हवं.

आणि यात आपला आजचा प्रश्न आहे. आपल्या शेजारच्याच गल्लीत ख्रिस्ती झालेले आपले भाऊबंद राहतात. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदाने त्यांना अनुसूचित जातीच्या यादीतून बाहेर ठेवलं. शीख दलितांना १९५६ साली आत घेतलं, आपल्या बौद्धांना १९९० साली. म्हणजे आपणही चौतीस वर्षं या रांगेत उभे होतो. ते अजून रांगेत आहेत. २००४ साली सुप्रीम कोर्टात याचिका गेली, २००७ साली रंगनाथ मिश्रा आयोगाने जात आणि धर्म यांची गाठ सोडा म्हणून शिफारस केली, २०२२ साली दुसरा आयोग नेमला गेला. थांबा. दुसऱ्या बाजूने त्यांचं चर्चही थांबाच म्हणतं. तामिळनाडूत काही ठिकाणी मेल्यावरसुद्धा दलित ख्रिस्ती वेगळ्या जागेत पुरला जातो. म्हणून १९८१ साली बंगळुरूच्या धर्मविद्यालयात अरविंद निर्मळ यांनी शूद्रांच्या नजरेतून ख्रिस्ती विचार मांडायला सुरुवात केली, त्यातून दलित धर्मविचाराची शाखा निघाली. या माणसांना ‘देवभोळे’ म्हणून हसणं सोपं आहे. १० ऑगस्टला काळा दिवस पाळून ते रस्त्यावर येतात, तेव्हा आपल्यातले किती जण त्यांच्या बाजूला उभे असतात?

किंगची शेवटची गोष्ट सांगून थांबतो. १ फेब्रुवारी १९६८, मेम्फिस शहर. कचरा उचलणारे दोन काळे कामगार पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत शिरले आणि तिच्या दाबयंत्रात चिरडून मेले. १२ तारखेपासून सुमारे तेराशे सफाई कामगार संपावर गेले. मी माणूस आहे, एवढंच त्यांच्या पाट्यांवर लिहिलेलं. गटारात आणि कचऱ्यात कुणाची माणसं मरतात हे आपल्याला सांगायला नको. किंग त्यांच्यासाठी मेम्फिसला गेला. ३ एप्रिलच्या रात्री तो मोशेबद्दल बोलला. चाळीस वर्षं लोकांना चालवत आणलेला म्हातारा डोंगरावरून तो देश बघतो, पण त्यात पाऊल ठेवत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किंगला गोळी घातली. वय एकोणचाळीस. १६ एप्रिलला सफाई कामगारांचा संप मागण्या पदरात पाडून संपला.

या गोष्टीत देव आहे की नाही, ते ज्याने त्याने ठरवावं. मला त्यात चालणारे दिसतात. पुढच्या वेळी तुमच्याशेजारी मोर्चात एखादा पोरगा गळ्यात क्रूस घालून उभा असेल, तर त्याला देवाबद्दल विचारू नका. तो कुणाच्या दारात थांबलेला आहे की वाटेवर आहे, एवढंच बघा. आणि हाच सवाल मग स्वतःलाही घाला, जयंतीच्या मंडपात बसलेला असाल तरी.

जय भीम.